अडकित्त्याची डबल बेल

मास्तरांनी आयुष्यात सुपारीचं एक खांड तोंडात टाकलं नसेल, पण शर्टाच्या खिशात अडकित्ता कायम असायचा. चांगला पितळी, वजनदार. त्याच्या भाराने शर्ट डाव्या बाजूला ओघळलेला असे. तो अडकित्ता एकदा वाजला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि दोनदा वाजला की चालू पडायचं. आमच्या निसर्ग केंद्रात येणारे पर्यटक विनातक्रार पाळत असा तो एकच नियम. कचरा टाकू नये असं आम्ही सात फलकांवर लिहिलं होतं. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे.

हातखंब्याहून आत वळलं की साधारण अर्ध्या तासावर हे धरण लागतं. गाववाले धरणच म्हणतात, आमच्या फलकावर मात्र सरोवर. भोवती ऐन, किंजळ आणि कुंभ्याचं दाट रान, त्यातून पाण्यापर्यंत जाणारी पायवाट, दाराशी माहिती केंद्राची कौलारू खोली. दर शनिवारी-रविवारी सकाळी निसर्गफेरी निघायची. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटांवर तिथे होते. माहिती लिहिणं, तिकिटं फाडणं आणि पावसाळ्यात गळक्या कौलाखाली बादली सरकवणं, अशी माझ्या शिक्षणाला साजेशी कामं माझ्याकडे होती. फेरी न्यायचं काम मात्र गावच्या समितीने मास्तरांना देऊन टाकलेलं.

मास्तर म्हणजे लाल गाडीवरचे निवृत्त कंडक्टर. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. पुण्या-मुंबईची मंडळी मात्र त्यांना निवृत्त शिक्षक समजून अदबीने वागत. एकदा एक बाई चक्क वाकून पाया पडल्या. मास्तर नुसतं "असू दे, असू दे" म्हणाले आणि पाय मागे घेतले.

पहिल्याच दिवशी मी त्यांची जरा परीक्षाच घेतली. नव्या पदवीची रग होती.

"तुम्हाला झाडं ओळखता येतात का?"

"वळखतो ना. नावा येत नाय."

"मग ओळखता कसे?"

"तुमी गाडीत रोज येणारा मानूस वळखता का नाय? त्याचा नाव कुठं ठाव असतं?"

मला हे उत्तर उद्धट वाटलं. फेरीला अडतीस झाडांची यादी मी तयार केली होती, प्रत्येकाचं शास्त्रीय नाव, कुळ, उपयोग. ती मी त्यांना दिली. त्यांनी ती चार घड्या घालून अडकित्त्याच्या खिशात ठेवली आणि पुढे दीड वर्ष ती तिथेच राहिली. घामाने अक्षरं उडाली तेव्हा मीच दुसरी प्रत दिली. तीही तिथेच गेली.

या माणसाला रानात यायची हौस कुठून लागली याचं मला कुतूहल होतं. एकदा डबा खाताना विचारलं. मास्तरांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला.

"बाय, तीस वर्सं ह्याच रस्त्यानं गेलो. पन तोंड मानसांकडं आनि पाठ झाडांकडं. लोक खिडकीतून बगायचे, म्हनायचे, बगा बगा, काय फुललाय! मी म्हनायचो, सुट्टे द्या. रिटायर झालो त्या दिवशी गाडीतून उतरलो आनि पयल्यांदा मागं वळून बगला. मंग म्हटला, आता सगळा बगायचा."

आणि ते खरोखरच सगळं बघत. चाळीस मिनिटांच्या फेरीला त्यांच्याबरोबर दोन तास लागायचे. काजूच्या झाडावर ओंबिलांचं घरटं दिसलं, की टक्. सगळे उभे. ओंबील म्हणजे ते तांबडे, कडकडून चावणारे मुंगळे, पानाला पान जोडून घर करतात ते. मास्तर माहिती काहीच सांगत नसत. घरट्याजवळ तोंड नेऊन, चावे खात, लोकांनाच विचारत, "ही पानं कशानं चिकटवली असतील वो?" लोक गडबडत. कोणी डिंक म्हणे, कोणी थुंकी. दहा मिनिटांनी एखादी शाळकरी मुलगी ओरडे, "पिल्लाला तोंडात धरलंय! त्याच्यातून धागा येतोय!" मग मास्तरांचं तोंड असं काही उजळे की जणू त्यांनाही ते आत्ताच कळलं. ते दर शनिवारी त्यांना आत्ताच कळत असे.

या प्रश्नांचा मला फार उपद्रव होता. कारण लोकांना उत्तर आलं नाही की मास्तर अडकित्त्यासकट माझ्या तिकीट खिडकीशी येत. सातविणीला नेमकी सातच पानं का? पाण्याकाठचं झाड पाण्याकडेच का कलतं? बेडूक एकदम ओरडायचे थांबतात, पहिला कोण थांबतो? "तुमी शिकलेल्या, बाय," एवढं म्हणून समोर उभे राहत. मी रत्नागिरीला घरी जाऊन पुस्तकं काढायची, आणि निम्म्या वेळा उत्तर सापडायचं नाही. सोमवारी तसं सांगितलं की त्यांना अतोनात आनंद व्हायचा. "म्हंजे अजून कुनाला म्हाईत नाय!" असं म्हणत ते बागडतच जायचे. मी मात्र चिडलेली.

फेरीच्या शेवटी पाण्याच्या काठी कातळाचा एक लांब पट्टा आहे. तिथे ते सगळ्यांना ओळीने बसवत. मोबाईल खिशात, तोंड बंद, दहा मिनिटं. "डबल बेल हुईपर्यंत उठायचा नाय." पाच मिनिटांत लोक चुळबुळायला लागत, आठव्या मिनिटाला शांत होत, आणि दहाव्या मिनिटाला अडकित्ता वाजला की बऱ्याच जणांना उठवत नसे.

त्यांचं दुसरं खूळ मोजण्याचं. निघताना मोजायचे, प्रत्येक थांब्यावर मोजायचे, परत आल्यावर मोजायचे. बोट दाखवून नाही, नुसत्या नजरेने, ओठ हलवत. आकडा जुळला नाही की ते मागे जात, मग उन्हं डोक्यावर आली तरी बाकीचे उभे. एकदा एक गृहस्थ मधूनच परस्पर गाडी काढून घरी गेले. मास्तर त्यांना दुपारपर्यंत रानात शोधत होते. परत आले तेव्हा काट्यांनी हात ओरबाडलेले. मी वैतागून म्हटलं, "मास्तर, मोठी माणसं आहेत ती. हरवायला काय लहान मुलं आहेत?"

त्यावर त्यांनी मला जयगड गाडीची गोष्ट सांगितली. गाडी हातखंब्याला थांबली होती. एक बाई पाण्याची बाटली आणायला खाली उतरली. मास्तर कुणाशी तरी सुट्ट्यांवरून वाद घालत होते. वादाच्या भरात न मोजता त्यांनी डबल बेल दिली. गाडी सुटली. रत्नागिरीला सगळे उतरले तेव्हा मागच्या सीटवर तीनेक वर्षांची पोर झोपलेली, एकटी.

"उठली आनि आयेला बगायला लागली. रडली नाय. नुसती एकेका सीटखाली वाकून बगत व्हती. तासाभरानं तिची आय टेम्पोतनं आली. अनवानी. धावताना चपला गेल्या. पोर उचललीन आनि गेली. मला एक शब्द बोलली नाय. बोलली असती तर बरा झाला असता."

त्यानंतर मास्तरांनी न मोजता कधीच डबल बेल दिली नाही. निवृत्त होताना तिकिटाचा पंच डेपोत जमा करावा लागला. हाताला टकटक करायची सवय झालेली, हात रिकामा राहीना. म्हणून बाजारातून अडकित्ता घेतला. गोष्ट ऐकून मला वाईट वाटलं हे खरं, पण ते तेवढ्यापुरतंच. माणसाचं दुःख कळलं म्हणून त्याचं काम आपल्याला पटतंच असं नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे पुढे मी जे केलं ते. वनखात्यातल्या वरिष्ठ साहेबांचं पत्र आलं की आमच्या केंद्रात कानाला लावायची यंत्रं घ्यायचा विचार आहे. पर्यटकाने ती लावायची, झाडाचा नंबर दाबायचा, माहिती ऐकायची. त्याआधी साहेब स्वतः फेरीला येणार, आणि सध्याचा मार्गदर्शक ठेवण्याजोगा आहे का, याचा अहवाल मी त्या दिवशी तयार ठेवायचा. माझं स्वतःचं कंत्राट दोन महिन्यांत संपत होतं. मुदतवाढीवर सही त्याच साहेबांची. आपण किती काटेकोर आहोत हे दाखवायची अशी संधी पुन्हा कुठली?

मी काटेकोर लिहिलं. अडतीसपैकी चार झाडांची नावं सांगता येतात. शास्त्रीय माहिती नाही. वेळेचं भान नाही. ठेवण्याची शिफारस करता येत नाही. एकही शब्द खोटा नव्हता. ओंबिलांच्या घरट्यापुढची ती दहा मिनिटं मात्र मी कुठेच लिहिली नाहीत, त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

त्या सकाळी साहेबांची गाडी आली. साहेब, त्यांच्यासोबतचे तिघे, आणि तिकीट काढून आलेले पंधरा पर्यटक. साहेब चहा घेत होते तेवढ्यात मी अहवालाची फाईल त्यांच्या ड्रायव्हरकडे दिली, गाडीत ठेवा म्हणून. मास्तरांची रीत अशी, की आलेल्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला चहा आधी, मग बाकीच्यांना. ते दोन पेले घेऊन गाडीशी गेले आणि ड्रायव्हरशी बराच वेळ बोलत उभे राहिले. परत आले ते सरळ माझ्याकडे.

"आज तुमी पुडं चला, बाय. नावा तुमी सांगा."

मला वाटलं, साहेबांना घाबरले. मनातून बरंच वाटलं. मी पुढे झाले आणि अडतीसच्या अडतीस झाडं घडाघडा सांगितली. साहेब मान डोलवत होते. सोबतच्या एकाने माझं नाव वहीत लिहून घेतलं. मास्तर शेपटाला होते. अधूनमधून त्यांचा अडकित्ता वाजे तेवढाच. कातळावर सगळे दहा मिनिटं बसले. साहेबांनी सहाव्या मिनिटाला घड्याळ बघितलं आणि दहाव्याला बेलची वाट न बघता ते उठले, त्यांच्यामागे बाकीचेही. परत निघालो, केंद्रापाशी आलो. साहेब म्हणाले, "छान. चला, निघू या."

अडकित्ता वाजेना.

"नाय, साहेब. एक कमी हाय."

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. "माझे तिघेही इथे आहेत."

मीही मोजले. "मास्तर, साहेब धरून चार आणि पर्यटक पंधरा. एकोणीस. बरोबर आहे."

"तुमी धरून वीस," मास्तर म्हणाले. "निघताना एकवीस व्हते."

"अहो, चूक झाली असेल तुमची," साहेब म्हणाले. आवाज जरा चढला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हळूच म्हटलं, "मास्तर, आज नको. जाऊ दे ना त्यांना."

"नाय, बाय. एक कमी हाय." एवढंच बोलून ते वळले आणि पायवाटेला लागले.

साहेब रागाने तरातरा गाडीकडे गेले. दार उघडून मागे बसले. आणि बसूनच राहिले. पुढच्या सीटवर कोणीच नव्हतं.

एकविसावा ड्रायव्हर होता. आम्ही कोणीच त्याला मोजलं नव्हतं. चहा पिऊन झाल्यावर मास्तर त्याला "चल, तूपन" म्हणाले होते, आणि तो शेवटून दुसरा चालत होता. फेरीभर मी त्याच्याकडे तोंड करून अडतीस झाडं सांगितली होती, आणि तो मला दिसला नव्हता.

मी मास्तरांमागे धावले. कातळाच्या अगदी पलीकडच्या टोकाला, वळणाआड, तो चपला काढून बसलेला होता. आम्हाला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं. समोरच्या काठाला तीन पाणमांजरं होती. एक उताणं तरंगत मासा खात होतं, दोघं त्याच्याकडून तो काढून घ्यायच्या खटपटीत. दीड वर्षात मी तिथे पाणमांजर पाहिलं नव्हतं. माझ्या माहितीपत्रकात ते होतं, पण चित्रात. मास्तर खाली बसले. मीही बसले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग लांबून गाडीचा हॉर्न वाजला, साहेबांनी स्वतः वाजवलेला, आणि पाणी एकदम रिकामं झालं.

"बेल ऐकू आली नाय मला," ड्रायव्हर उठत म्हणाला. मग चपला हातातच धरून म्हणाला, "अकरा वर्षं साहेबलोकांना जंगलात नेतोय, मास्तर. पार्किंगच्या पुढं आज आलो."

मास्तरांनी त्याच्या एकट्यासाठी अडकित्ता दोनदा वाजवला. केंद्राशी आल्यावर साहेबांच्या खिडकीत वाकून अगदी सहज म्हणाले, "आता सोडा गाडी. डायवर नसताना डबल बेल देतात काय, साहेब?"

पर्यटक हसले. साहेब हसले नाहीत. फाईल त्यांच्या मांडीवर उघडी होती. ती परत मागावी असं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी मागितली नाही. माझं नाव त्या वहीत लिहिलेलं होतं ना.

महिन्याभरात यंत्रं आली. माहिती माझी, आवाज पुण्याच्या कुणाचा तरी. माझं कंत्राट वाढलं. मास्तरांनी ओळखपत्र आणि टोपी माझ्या टेबलावर ठेवली, यादीच्या दोन्ही प्रती घडी उलगडून ठेवल्या आणि "येतो, बाय" म्हणून गेले. त्या दिवशी मी खिडकी लवकर बंद केली. मला रडू आलं, आणि रडायचा आपल्याला काय हक्क, असंही वाटलं.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी मास्तर खिडकीशी हजर. तिकीट काढलं, फुकट नको म्हणाले. कानाला यंत्र लावलं आणि इतरांबरोबर मुकाट्याने रानात गेले. नंबर दाबत, मान वाकडी करून ऐकत जाताना मला दिसले. सगळ्यांच्या आधी परत आले आणि यंत्र पुसून माझ्यापुढे ठेवलं.

"म्हायती लय चांगली. सातविणीचं तर मला ठावच नव्हतं."

"आणि बाकी?"

"बाकी काय. परत किती आले, ह्या त्याला कळत नाय."

मी खाली बघत होते. समोर यंत्रांचा ट्रे होता. आलेलं प्रत्येक यंत्र मी रोज संध्याकाळी मोजून घेत असे. आता बोललं नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटून मी एका दमात म्हटलं, "मास्तर, तो अहवाल मी लिहिला होता."

"म्हाईत हाय."

"कधी कळलं?"

"त्याच सकाळी. चहा पिताना डायवरनं वाचून दाखवलान."

म्हणजे फेरी निघायच्या आधी. म्हणजे मला पुढे चालायला सांगितलं त्याच्या आधी. "मग तुम्ही मला पुढे का घातलंत? साहेबांसमोर?"

"तुमचा कंत्राट संपत व्हता ना." ते खिशातला अडकित्ता नीट करत होते. "आनि नावा तुमाला येतात, मला नाय. खोटा काय लिवलंत तुमी?"

"पण राग नाही आला?"

"आला की. कातळापर्यंत व्हता." मास्तर हसले. "पन उतारू तो उतारू, बाय. कंडक्टरशी भांडला म्हनून मोजायचा सोडतात काय?"

फाटकाशी लाल गाडी आली. मास्तर चढले आणि खिडकीशी बसले, तोंड बाहेर करून. मी हात केला. त्यांचं लक्ष माझ्यामागच्या किंजळाकडे होतं. गाडी गेली.

मी परत खिडकीशी आले. यंत्रं मोजली. चोवीस गेली होती, चोवीस आली होती. एरवी मी एवढ्यावर कुलूप लावलं असतं. त्या दिवशी मी बाहेर ओट्यावर गेले आणि पहिल्यांदाच माणसं मोजली, बोट न दाखवता, ओठ हलवत. तेवीस भरली. पुन्हा मोजली. तेवीसच. "कोणी जाऊ नका, एक कमी आहे," असं ओरडून मी पायवाटेने धावत सुटले, ती थेट कातळापर्यंत. वळणाआड बघितलं, काठाने हाका मारल्या. कोणी नव्हतं.

धापा टाकत मी खाली बसले. चोविसावं तिकीट कोणी काढलं होतं, ते मला तेव्हा आठवलं.